वादळाची दुरुस्ती

तीर्थरूप आत्येस,

शंकासुराचा वाकून नमस्कार. वाकलो आहे तो अजून उठलेलो नाही, आणि तू 'ऊठ' म्हणेपर्यंत उठणारही नाही (कंबरेचं दुखणं वेगळं, त्याचा या नमस्काराशी संबंध नाही). तुझे गुडघे कसे आहेत? डावा जास्त त्रास देतो की उजवा? शिवणयंत्राला आता मोटर बसवून घे असं मी मागे एकदा म्हणालो होतो, तेव्हा तू म्हणालीस की पाय चालतोय तोवर डोकं चालतं. ते खरं असावं. माझे पाय दिवसभर टेबलाखाली नुसते लोंबत असतात, आणि डोक्याचं काय झालं आहे ते तुला ठाऊकच आहे. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. क्षेम नाही.

पत्र लिहिण्याचं कारण असं की फोनवर आपलं बोलणं पुढे सरकत नाही. मी फोन करतो, तू उचलतेस, मी म्हणतो, "आत्या, मी बोलतोय." तू विचारतेस, "कशावरून?" आणि ठेवून देतेस. एकदा मी घाईघाईने माझी जन्मतारीख सांगितली, तर तू म्हणालीस की हे कुठे छापून आलंय का. त्यानंतर माझ्याच फोनवरून हिने तुझ्याशी अर्धा तास गप्पा मारल्या, हसलात दोघी, मी शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होतो. म्हणून हे हाताने लिहितोय. माझं अक्षर तूच वळवून घेतलंस, तेव्हा निदान ते तरी ओळखशील. ओळख पटली तर खाली बसून वाच, उभ्याने वाचू नकोस, गुडघ्यांना बरं नाही.

आता मुळापासून सांगतो, म्हणजे माझी बाजू मांडायची म्हणून नव्हे (बाजूच नाही, मांडणार काय), तर तुला एकेक गोष्ट तुझ्या भाडेकरू नर्सबाईंच्या तोंडून तुकड्यातुकड्याने कळली असणार, आणि निंदा तरी सलग असावी. मी काय काम करतो ते तू चारचौघांत 'औषधांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे' असं सांगतेस आणि मी मान खाली घालतो. माझं काम हे, की औषधाच्या खोक्यात एक पातळ कागदाची घडी असते, एकदा उघडली की जन्मात पुन्हा तशी बसत नाही, ती छापण्याआधी मी वाचतो. जगात ती वाचणारा मी एकटाच. इतकी वर्षं चुकाच शोधत बसल्यावर माणसाच्या डोळ्याला वळण लागतं. ताटात मला आधी खडा दिसतो, मग जेवण. मध्यंतरी रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, काहीतरी छंद लावून घ्या, डोकं शांत राहील. ही म्हणाली, रोज चालायला जा. मी कॉम्प्युटरवरच्या त्या मुक्त ज्ञानकोशात शिरलो. तिथे कोणीही लिहू शकतं, आणि कोणीही दुसऱ्याचं लिहिलेलं खोडू शकतं. खरं सांगतो आत्या, मला त्यातला दुसरा भाग जास्त आवडला.

तर तिथे हिंडताना आपल्या चक्रीवादळावरचा लेख सापडला. आपल्या घरात त्याला नुसतं 'वादळ' म्हणतात आणि सगळ्या तारखा 'वादळाआधी' नि 'वादळानंतर' अशाच असतात, पण ज्ञानकोशात त्याला त्या वर्षीचा क्रमांक होता (वादळांना नावं द्यायची पद्धत तेव्हा आपल्याकडे यायची होती. माणसांना नावं ठेवायची होती). लेख म्हणजे जेमतेम आठ ओळी. पहिल्याच ओळीत 'हे वादळ अतिशय वाईट होते.' फोटो भलत्याच देशातल्या भलत्याच वादळाचा, त्यातली झाडंसुद्धा आपल्याकडे उगवत नाहीत. मधेच कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'या वादळात माझ्या सायकलचे फार नुकसान झाले.' आणि शेवटच्या ओळीत, 'एकूण बारा माणसे दगावली.' या एवढ्या लेखात खरी ओळ तेवढी शेवटची होती, पण ते मला फार उशिरा कळलं. मी बाह्या सरसावल्या. ही म्हणाली, "मोरीतला नळ सहा महिने गळतोय, तो राहिला, आणि वादळ दुरुस्त करायला निघालात." नळ अजून गळतो आहे.

मी स्वतःला या विषयातला जाणकार समजत होतो, कारण मी त्या वादळात होतो. बाबांचं घर बंदराजवळ सखल भागात, म्हणून त्यांनी मला आदल्या दिवशीच टेकाडावर तुझ्याकडे आणून ठेवलं होतं. आता चार वर्षांच्या पोराला काय आठवणार, तर मला आठवते ती एका खाटेची खालची बाजू. पट्ट्या, त्यातली एक तुटलेली, आणि वर कुठेतरी काहीतरी आपटत असल्याचा आवाज. एवढंच माझं वादळ. तो आवाज मात्र कानात बसलाय. अजूनही खिडकी वाऱ्याने आपटली की मला ती धरूनच ठेवावी लागते. घरातल्या प्रत्येक खिडकीच्या फटीत मी खोकल्याच्या औषधाच्या त्या कागदी घड्या कोंबून ठेवल्यात (त्यांचा एवढा एकच उपयोग होतो). पाहुणे विचारतात, ही सांगते, "यांचं वादळ अजून चालू आहे." आम्ही सगळे हसतो. तूही हसली होतीस ना गं एकदा? आता वाटतं, नव्हतीस हसली.

तर मी कामाला लागलो. ग्रंथालयात बसून त्या वेळच्या चौकशी समितीचा अहवाल वाचला. वाऱ्याचा वेग किती, यावर तीन मतं. बंदरावरचं वारा मोजायचं यंत्र एका आकड्याला उडून गेलं, त्यामुळे सरकारदरबारी वादळाचा सर्वांत मोठा वेग तोच, जो यंत्राला सोसवला. मी त्यावर दीड परिच्छेद लिहिला. वारा 'मंदावला' की 'ओसरला' यावर एक अख्खा रविवार घालवला. बर्फाच्या कारखान्याची चिमणी कोणत्या दिशेला पडली हे ठरवायला मी तिथल्या जुन्या मुकादमाला इतके फोन केले की शेवटी तो म्हणाला, साहेब, तुम्ही म्हणाल त्या दिशेला पडली. सायकलवाली ओळ मी मोठ्या ताठ्यात खोडली. त्या सायकलवाल्याचं काय झालं असेल कोण जाणे. आज त्याचीही माफी मागावीशी वाटते, पण त्याने नाव लिहिलं नव्हतं.

ज्ञानकोशाचा नियम असा, की कुठलंही विधान केलं की ते कुठे छापलं आहे त्याचा संदर्भ द्यायचा. नसेल तर त्या विधानापुढे कोणीतरी कंसात 'संदर्भ हवा' असा शिक्का मारून जातं. हा शिक्का मारायची मला चटक लागली. ही म्हणाली, आज भाजी बरी झालीय, मी म्हणालो, संदर्भ? तिने दोन दिवस भाजीच केली नाही. पण खरी फजिती कचेरीत झाली. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाची घडी तपासायला आली होती, माझं अर्धं लक्ष बर्फाच्या चिमणीत. 'मुलांच्या हाती लागू देऊ नये' या वाक्यापुढे मी सवयीने, अगदी सुवाच्य अक्षरात, कंसात 'संदर्भ हवा' असं लिहिलं आणि सही करून पुढे पाठवलं. छपाईवाल्यांना वाटलं ही दुरुस्ती आहे. माझ्या सहीवर त्यांचा विश्वास. ती छापून, घडी घालून, खोक्यांत भरून झाल्यावर एका औषधाच्या दुकानदाराने साहेबांना फोन करून विचारलं की कंपनीला याबद्दल शंका आहे का. साहेबांनी मला बोलावलं, घडी उलगडली, माझ्यासमोर धरली, आणि मग घडी परत घालायचा प्रयत्न करत बसले. ती बसेना. सगळी खोकी परत मागवली, आणि आता मी तपासलेलं सगळं एक नवीन मुलगी पुन्हा तपासते. एवढं झाल्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी घरी येऊन चिमणीची दिशा पक्की केली.

लेख चांगला वाढला की तो परीक्षणाला ठेवता येतो. मग एक अनोळखी परीक्षक तो ओळ न् ओळ तपासतो, आणि पास झालात तर लेखाच्या डोक्यावर एक तारा लागतो. तारा म्हणजे नखाएवढं चित्र, त्याला ना किंमत ना वजन, पण तो मला शाळेतल्या बक्षिसासारखा हवासा वाटू लागला (शाळेत मला कधीच बक्षीस मिळालं नाही, हे तुला माहीत आहेच. गणवेश मात्र माझाच सर्वांत नीट शिवलेला असे). माझ्या लेखाला परीक्षक लाभले ते 'दुर्बीण' या टोपणनावाचे. तिथे सगळे टोपणनावानेच वावरतात. दुर्बीण सभ्य आणि चिवट. आपण 'प्रचंड' हा शब्द वापरला आहे, प्रचंड म्हणजे किती? असे प्रश्न. मी सगळ्यांना पुरून उरलो. मग त्यांनी विचारलं, "जुन्या लेखात मृतांचा आकडा बारा होता, आपण तो अकरा केला आहे. बारावे कोण होते?"

आत्या, इथून पुढचं लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं. समितीच्या अहवालात अकराच आहेत, ते खरं आहे. पण बारावे कोण हे सबंध ज्ञानकोशात एकट्या मला माहीत होतं. मी एवढंच लिहायला हवं होतं की ते माझे आतोबा. पण तिथे आणखी एक नियम आहे, आपल्या नातलगांबद्दल आपण लिहू नये, लिहायचं तर नातं आधी जाहीर करावं. नातं जाहीर केलं तर चर्चा वाढणार, परीक्षण लांबणार, तारा हुकणार. शिवाय आपण किती निःपक्षपाती आहोत याचा कैफ वेगळाच असतो. मी जे लिहिलं ते तू ऐकलं आहेस, पण ते इथे उतरवल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही: "बारावी व्यक्ती वादळ ओसरल्यानंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी, छपरावर चढली असता स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडली. तिचा वादळाशी संबंध नाही. नातेवाइकांची भावनिक समजूत ज्ञानकोशात ग्राह्य धरता येत नाही."

निष्काळजीपणा! ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून बंदर दाखवलं, त्याच्याबद्दल मी 'व्यक्ती' आणि 'तिचा' असं लिहिलं, आणि लिहून झाल्यावर स्वल्पविराम तपासले. दुर्बीण यांनी 'ठीक' असा एक शब्द लिहिला आणि तारा लागला. मी त्या पानाची छापील प्रत काढून कचेरीत पाण्याच्या यंत्राशेजारी चिकटवली. लोक पाणी प्यायला आले की मी उगीच तिथे घुटमळायचो.

आणि मग (याला काय म्हणावं तेच कळत नाही, वेडेपणा हा शब्द फार मऊ आहे) मीच तुला फोन केला. म्हणालो, आत्या, तुझं वादळ मी कुठल्या कुठे नेऊन ठेवलंय बघ, नर्सबाईंना सांग वाचून दाखवायला. तू किती आनंदलीस. शेजारच्या दोघींना बोलावलंस, पाणी-खुर्च्या मांडल्यास, आणि तुझ्या भाडेकरू नर्सबाईंनी कामावरून आल्या आल्या, गणवेशसुद्धा न उतरवता, सगळा लेख मोठ्याने वाचला. चिमणी ऐकलीस, वाऱ्याचं यंत्र ऐकलंस, माना डोलावल्यास. मग अकरा आलं. नर्सबाई सांगत होत्या की तू म्हणालीस, "चुकून राहिलं असेल, लिहिताना एखादा मागे-पुढे होतो." मग त्यांनी तो आकडा असा का आहे ते बघायला लेखामागचं चर्चेचं पान (माझी नि दुर्बीण यांची प्रश्नोत्तरं तिथेच आहेत) उघडलं, आणि उघडल्यावर मोठ्याने वाचायच्या थांबल्या. तूच म्हणालीस, वाचा. शेजारणी तिथेच होत्या.

पुढचं तू नर्सबाईंना हाताशी धरून केलंस आणि मीही केलं, पण मला तू केलंयस हे ठाऊक नव्हतं. माझ्या लेखात कोणी अक्षर बदललं की मला लगेच कळतं. त्या दिवशी कळलं की कोणा 'शिवणयंत्र' नावाच्या नव्या सदस्याने अकराचे बारा केलेत. मी ते चहा निवायच्या आत उलटवलं आणि तयार मजकूर चिकटवला, 'आपले स्वागत आहे. आपले संपादन संदर्भाअभावी उलटवले आहे. प्रयोग करायचे असल्यास धूळपाटीवर करावेत.' पुन्हा बारा. पुन्हा अकरा. मी दुसरा तयार मजकूर चिकटवला, 'आपण वारंवार उत्पात करीत आहात.' (तुला, आत्या. या वयात. उत्पात.) तिसऱ्यांदा शिवणयंत्राने बारा केले, आणि बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत फक्त लिहिलं, 'मी तिथे होते.' त्यावर माझं उत्तर: 'प्रत्यक्षदर्शी हा विश्वासार्ह स्रोत नाही.' आणि व्यवस्थापकांकडे तक्रार करून मी त्या सदस्यावर तीन दिवसांची बंदी आणवली.

त्या दिवशी जेवताना मी हिला रंगवून सांगत होतो, की जगात कसली कसली चक्रम माणसं असतात, एकाने तर स्वतःचं नाव शिवणयंत्र ठेवलंय आणि आपल्या वादळात सारखे बारा मारतोय. हिने हातातला डाव खाली ठेवला. म्हणाली, "शिवणयंत्र. बारा. आणि तुमच्या डोक्यात काहीच पेटत नाही?" मी म्हणालो, काय पेटायचं? मग पेटलं. घास तसाच हातात राहिला. माझे शाळेचे सगळे गणवेश ज्या यंत्रावर शिवले गेले, आतोबा गेल्यावर ज्या यंत्राने तुझं आणि माझ्या शिक्षणाचं सगळं निभावलं, त्याच्यावर मी बंदी आणली होती. हिने डाव उचलून मला भात वाढला. मला तिने एखादी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी तुझ्याकडे आलो. तू यंत्रावर बसली होतीस. मी दारात उभा. तू वर न बघता नर्सबाईंना म्हणालीस, "त्यांना विचारा, ओळखपत्र आणलंय का." मी खरंच खिसे चाचपले गं. मग तू शिवत राहिलीस आणि मी बसून राहिलो. कोणाच्या तरी पडद्यांचं काम होतं, लांबच लांब शिवण, यंत्र थांबेचना, आणि ते थांबल्याशिवाय बोलायला तोंड नव्हतं. पडदे संपले तेव्हा तू उठून आत गेलीस. निघालो. नर्सबाई फाटकापर्यंत सोडायला आल्या, पायऱ्या ओल्या आहेत, जपून उतरा एवढंच म्हणाल्या, बाकी काही बोलणं झालं नाही. मी बसमध्ये बसलो आणि परत आलो.

आल्यावर मी जमेल ती निस्तरानिस्तर केली, ती कळवतो. चर्चेच्या पानावर लिहिलं, की बारावे माझे आतोबा आहेत, मी हे लपवलं, आणि माझं आधीचं विधान मी मागे घेतो. त्या विधानावर रेघ मारली. पुसून टाकता येत नाही. तिथे लिहिलेलं सगळं कायमचं राहतं, रेघ मारलेलंही नीट वाचता येतं, तशीच त्यांची सोय आहे. तारा काढून घ्या असंही कळवलं. दुर्बीण यांचं उत्तर आलं की तारा काढायचीही रीतसर प्रक्रिया असते, प्रस्ताव मांडावा लागेल, त्यावर चर्चा होईल. म्हणजे तो मिळवायला मी जेवढा झिजलो त्याच्या दुप्पट तो टाकायला झिजावं लागणार. पाण्याच्या यंत्राशेजारचा कागद मात्र काढला. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला, आता तिथे कागदाच्या मापाचा पांढरा चौकोन आहे आणि लोक पाणी पिताना विचारतात की इथे काय होतं.

माफी मागायला मला शब्द सुचत नाहीत. बाकीचं सगळं सुचतं. माझी लाज वाटते, एवढंच आहे. तुला राग धरायचा तेवढा धर, फक्त फोन उचलायचा सोडू नकोस. तू 'कशावरून' म्हणतेस तेवढा तरी आवाज ऐकू येतो. गुडघ्यांना शेक देत जा. घरातल्यांचा नमस्कार. नर्सबाईंना माझा आदर सांग.

तुझा (हा शब्द खोडायचा असेल तर जागा सोडली आहे)
शंकासुर

ता. क. शिवणयंत्रावरची बंदी मुदतीआधीच उठवून घेतली आहे. व्यवस्थापकांनी कारण विचारलं, मी लिहिलं, 'तक्रारदार गाढव होता.' त्यांनी संदर्भ मागितला नाही.

आणखी एक ता. क. वर फाटकापाशी बोलणं झालं नाही असं लिहिलं ते खोटं आहे. आता पाकीट बंद करता करता राहवत नाही. नर्सबाईंना रागावू नकोस, त्यांनी तुला दिलेला शब्द मोडला तो माझा चेहरा बघून. मी त्यांना विचारलं होतं, की आत्या एका आकड्यासाठी इतकी का अडून बसली, आतोबा तर त्याने परत यायचे नाहीत. त्या म्हणाल्या, मीही आजींना हेच विचारलं होतं. मग त्यांनी मला सगळं सांगितलं. वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला होता. सगळे पोराला सांगत होते, वादळ संपलं, खाटेखालून बाहेर ये. स्वयंपाकघरावरचा पत्रा सुटून आपटत होता. पोर आतूनच म्हणालं, "संपलं कशावरून?" आणि आतोबा हसले, म्हणाले, हा तर शंकासुरच निघाला, थांब, पत्रा बसवून येतो, आवाज थांबला की पटेल त्याला. आणि वर चढले.

हे नाव मला त्यांनी ठेवलं हे मला माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं, आईला माहीत होतं, टेकाडावरच्या प्रत्येक घराला माहीत असणार, आणि इतक्या वर्षांत मला कोणी, कधी, भांडणातसुद्धा म्हणून दाखवलं नाही. 'वादळानं नेलं,' सगळे म्हणायचे. नर्सबाईंना तू म्हणालीस म्हणे, "वादळाच्या नावावर लिहिलं म्हणून पोराच्या नावावर लिहावं लागलं नाही." आणि तो बाराचा आकडा मी स्वतःच्या हाताने खोडला, वर संदर्भ मागितला. आत्या, मी फाटकाला धरून किती वेळ उभा होतो ते ठाऊक नाही. तू आतून पडदा बाजूला केलास तो मला दिसला.

शेवटचा ता. क. खरं काम हे आहे, बाकी पत्र त्याच्यासाठीच लिहिलं. दुर्बीण यांनी कळवलंय की वादळानंतर घर सावरताना गेलेली माणसंही त्या वादळाची म्हणून धरायची पद्धत आहे, फक्त कुठेतरी छापून यायला हवं. तेव्हा येत्या आठवड्यात बंदरावरच्या साप्ताहिकाची एक बातमीदार बाई तुझ्याकडे येईल. तिला हाकलू नकोस. यंत्र थांबव, तिला खुर्ची दे आणि सगळं सांग. सगळं म्हणजे खाटेखालच्या पोरासकट, तो काय म्हणाला त्यासकट. त्याचं नाव झाकू नकोस आता, पुष्कळ झाकलंस. ती विचारेल, याला आधार काय, तेव्हा तिला माझा नंबर दे. मी तिथे होतो.